घाट बंद झाला तर गोठा किती दिवस चालेल?

२२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. त्याच दिवसांत आंबा घाटातला रस्ता खचला, वाशिष्ठीवरचा जुना पूल खचला, कोकण रेल्वे थांबली. आमची वाडी लांजा तालुक्यात, उंचावर. आमच्याकडे पाणी शिरलं नाही, म्हणून पहिले दोन दिवस आम्ही चिपळूणची काळजी करत बसलो. तिसऱ्या दिवशी बाजारातल्या दुकानदाराने हात वर केले. गोळी पेंड (गाईगुरांचं तयार खाद्य) नाही, सरकी पेंड नाही, कोंबडीखाद्य नाही. गाडी कोल्हापुरातून निघालीच नव्हती. माझ्याकडे गोळी पेंडीची दीड गोणी शिल्लक होती. शेजारच्या काकू माझा चेहरा बघून म्हणाल्या, "पेंड सरली म्हणजे गाय उपाशी मरते होय रे? पूर्वी कुठली होती पेंड?"

काकूंचं निम्मं बरोबर होतं. त्यांच्या वेळी गाय दीड लिटर दूध द्यायची आणि सड्यावरचं (कातळाच्या माळावरचं) गवत कापायला वाडीत पंचवीस माणसं होती. आता गाय सात लिटर देते, माणसं मुंबईत आहेत, आणि सात लिटरांतले निदान तीन लिटर घाट उतरून आलेल्या पेंडीचे असतात.

घाटाचा प्रश्न त्यातल्या त्यात लहान. दरड कधीतरी उपसली जाते, रस्ता होतो. समुद्रापलीकडचा माल थांबला तर तो महिनोन्‌महिने थांबतो. कोंबडीखाद्यात घालायची जीवनसत्त्वं आणि अमिनो आम्लं बरीचशी परदेशातून, मुख्यतः चीनमधून येतात. युरिया आणि तो बनवायला लागणारा वायू बऱ्याच प्रमाणात बाहेरचा. स्वयंपाकाचा गॅसही निम्म्याहून जास्त आयातीचा. २०२१ साली सोयाबीन पेंड इतकी महागली की ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने जनुकबदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आणायला परवानगी दिली. पुढच्या फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि जगभर मका, खतं सगळंच वर गेलं. असं एखादं वर्ष मोठं आलं, जहाजं खरोखरच थांबली, तर काय करायचं याची तयारी आणि घाट बंद झाला तर काय करायचं याची तयारी एकच आहे. फरक फक्त किती दिवसांची करायची याचा.

ती मी कशी करतो ते सांगतो. दोन-चार जनावरांच्या घरासाठी हे आहे. पन्नास गाईंच्या गोठ्याचं गणित वेगळं.

आधी वही काढा

एक साधी वही घ्या आणि आठवडाभर प्रत्येक जनावराला काय, किती घालता ते वजन करून लिहा. अंदाजाने नको, ताणकाट्यावर. मग प्रत्येक वस्तूसमोर एकच गोष्ट लिहा: ही घाटाच्या अलीकडची की पलीकडची?

माझी वही अशी होती. एक संकरित गाय, सात लिटर दूध. एक कोकण कपिला, म्हणजे इकडची देशी गाय, तेव्हा आटलेली. सहा शेळ्या. चाळीस कोंबड्या. संकरित गाईला पोषणासाठी एक-सव्वा किलो आणि दुधामागे लिटरला ४०० ग्रॅम या हिशेबाने रोज चार किलो पेंड, म्हणजे महिन्याला १२० किलो. कपिलेला शून्य. शेळ्यांना व्यायच्या सुमारास मूठभर, तेवढंच. आणि कोंबड्या? अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते. चाळीस कोंबड्यांचे झाले ४ किलो ४०० ग्रॅम, महिन्याला १३२ किलो.

म्हणजे परसातल्या त्या चाळीस कोंबड्या गाईपेक्षा जास्त ट्रकचं खात होत्या. हे मला वही लिहीपर्यंत कळलं नव्हतं, आणि मी स्वतःला हिशेबी समजतो.

दुसऱ्या पानावर घरात आत्ता काय आहे ते लिहा: पेंढ्याच्या पेंढ्या, गवताचे भारे, कोंडा, कणी (तांदळाचा चुरा). त्याला रोजच्या खपाने भागा. आलेला आकडा म्हणजे तुमच्या गोठ्याचे दिवस. माझे त्या जुलैत पेंडीचे अठरा निघाले, कोंबडीखाद्याचे सहा.

कोण ठेवायचं, कोण आधी सोडायचं

माणसाला खाता येत नाही ते खाऊन दूध-मांस देतात त्या गाई, म्हशी, शेळ्या. कोंबडी माणसाच्याच ताटातलं खाते: मका, कणी, सोयाबीन. धान्य टंचाईचं झालं की ते आधी माणसाला जाणार. त्यामुळे मोठ्या खोळंब्यात पहिली जातात ती ब्रॉयलरची पिल्लं. चाळीस दिवसांत वाढणारा तो पक्षी रोजच्या संतुलित खाद्यावर उभा असतो. खाद्य थांबलं की त्याला परसात सोडून भागत नाही. करारावर ब्रॉयलर करणाऱ्यांनी करारनामा काढून एकच ओळ शोधावी: खाद्य पोचलं नाही तर पक्ष्यांची जबाबदारी कोणाची? ती ओळ नसेल तर पुढची बॅच घेण्याआधी लिहून घ्या. मार्च २०२० मध्ये आधी अफवेने कोंबडीचा भाव पडला आणि मग टाळेबंदीने गाड्या थांबल्या, तेव्हा ज्यांच्या शेडमध्ये तयार पक्षी होते त्यांनी ते मातीमोल विकले, काहींनी फुकट वाटले.

त्यानंतर पिंजऱ्यातल्या अंड्यांच्या कोंबड्या. मग जास्त दुधाच्या, पेंडीवर चालणाऱ्या संकरित गाई. सगळ्यात शेवटपर्यंत टिकतात कोकण कपिला, कोकण कन्याळ शेळी आणि गावठी कोंबडी. कपिला लहान चणीची, दूध थोडं, म्हणून आपण तिला नाक मुरडतो. पण अडीचशे किलोच्या आतली ती गाय पाच-सहा किलो सुक्या चाऱ्यात भागवते, पावसात सड्यावर चढते आणि खुरांना सहसा काही होत नाही. सगळ्या गाई कपिला करा असं मी म्हणत नाही. दुधाचा पैसा संकरित गाईच देते. पण गोठ्यात निदान एक तरी गाय अशी हवी जिला पेंड म्हणजे काय ते ठाऊक नाही.

भाकड गाई-बैलांचा प्रश्न अवघड आहे आणि तो मी टाळणार नाही. गाय कापायला राज्यात आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून बैल-वळूही त्यात आले, त्यामुळे टंचाईत भाकड गाय विकायची वाट बंद. ती दाव्याला राहणार, खाणार. म्हणून गाभण राहत नाही अशी शंका असेल तर पशुवैद्याकडून तपासणी आत्ताच करून घ्या. शेळ्यांचं तसं नाही; चारा कमी दिसला की बोकड आणि म्हाताऱ्या शेळ्या अंगावर मांस आहे तोवर विकाव्या. फेब्रुवारीत विकलेला बोकड मेमध्ये विकलेल्यापेक्षा तीन-चार किलोंनी जड असतो, आणि मेमध्ये सगळेच विकायला काढतात.

दसऱ्यानंतरचे वीस दिवस

कोकणात चारा नाही असं म्हणणाऱ्याला सप्टेंबरात सड्यावर नेऊन उभं करावं. कमरेएवढं गवत. चार महिने कातळावर तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्याचं आपण काय करतो? गवत उभं वाळू देतो आणि फेब्रुवारीत कोणाच्या तरी विडीने वणवा लागून ते जळून जातं. दरवर्षी. घाटापलीकडून विकतचा कडबा आणणाऱ्या गावात दरवर्षी शेकडो भारे जळतात, हे मला अजून पचत नाही.

गवत फुलोऱ्यात असताना, सप्टेंबरच्या अखेरीस, त्यात प्रथिनं सात-आठ टक्के असतात. बी गळून ते पिवळं पडलं की निम्म्यावर येतात. अडचण अशी की फुलोऱ्याला पाऊस चालू असतो आणि गवत सुकत नाही. म्हणून मी दोन भाग करतो.

पहिला भाग सप्टेंबरात कापून मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवलेला चारा. घराजवळचं, कवळं गवत आणि असेल तर संकरित नेपिअर. कापून अर्धा दिवस पडवीत पसरून पाणी उतरू द्यायचं. मूठभर घेऊन पिळलं तर हात ओला व्हावा पण थेंब पडू नये, एवढी ओल बरोबर. कोयत्याने किंवा कडबाकुट्टीवर बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे. शंभर किलोला दीड किलो गूळ पाण्यात विरघळवून शिंपडायचा, कारण गवतात साखर कमी असते आणि त्याशिवाय ते नीट आंबत नाही. मग जाड प्लास्टिकच्या पिशवीत थराथराने भरून पायाने तुडवायचं. इथे आळस केला की सगळं फुकट; आत हवा राहिली तर बुरशी. तोंड पिळून दोरीने बांधा, वरून दुसरी पोत्याची पिशवी चढवा, ४५ दिवस उघडू नका. चांगल्या मुरघासाला लोणच्यासारखा आंबूस वास येतो, रंग पिवळसर हिरवा. काळा, बुळबुळीत भाग उकिरड्यात. पहिल्या वर्षी माझ्या बारापैकी चार पिशव्या उंदरांनी फोडल्या. आता पिशव्या जांभ्याच्या कट्ट्यावर, भिंतीपासून हातभर लांब ठेवतो.

दुसरा भाग दसऱ्यानंतर, साधारण वीस दिवसांत. सकाळचं दव उडाल्यावर कापायचं, दोन दिवस कातळावरच उलटून-पालटून सुकवायचं, तिसऱ्या दिवशी भारे. कातळ तापतो तो इथे कामाला येतो. कुसळीचं गवत बी धरण्याआधी काढा, नाहीतर कुसळं गुरांच्या तोंडात रुततात आणि खाणंच बंद होतं. आमच्याकडचा डोक्यावरचा भारा सुकल्यावर १२ ते १५ किलो भरतो. तुमचा भारा एकदा वजन करून बघा, पुढचे सगळे हिशेब त्यावर आहेत.

गवत कोणाचं? हा खरा प्रश्न. सडे बहुतेक चाकरमान्यांचे, सातबाऱ्यावर दहा-दहा नावं. गणपतीला सगळे गावात असतात. तेव्हाच विचारून घ्या, जमलं तर साध्या कागदावर सही घ्या. मी तीन घरांना सांगितलं की गवत कापून घेतो आणि बदल्यात तुमच्या कलमांभोवती वणव्यासाठी जाळरेषा काढून देतो. एकानेही नाही म्हटलं नाही. जाळरेषा म्हणजे दहा-बारा फुटांची गवत काढलेली पट्टी. डिसेंबरात काढावी, गवत पूर्ण वाळायच्या आत.

पेंढा

आमच्याकडे गुंठ्याला साधारण ३५ ते ४० किलो पेंढा निघतो. जानेवारी ते मे असे १५० दिवस, गाईला रोज पाच किलो धरला तर साडेसात क्विंटल, म्हणजे वीस गुंठ्यांचा पेंढा. त्यात सड्याचं गवत मिसळलं तर तो जूनपर्यंत पुरतो. विळ्याने तळातून कापलेल्या भाताचा पेंढा जास्त निघतो. मळणीयंत्रातून चिरडून आलेला पेंढा गुरं आवडीने खातात पण तो उडवीत (पेंढ्याच्या गंजीत) नीट बसत नाही, पाणी आत शिरतं. नाचणी करत असाल तर तिचं काड टाकू नका. पेंढ्यापेक्षा ते पचायला चांगलं.

उडवी रचताना खाली जांभे मांडून त्यावर लाकडाचा माच, मग पेंढ्या बुंधे बाहेर, शेंडे आत, आणि मधला भाग कायम उंच. निसर्ग वादळात ३ जून २०२० ला श्रीवर्धनकडे आणि पुढल्या वर्षी तौक्तेत किती उडव्या उघड्या पडल्या! ताडपत्रीवरून दोर टाकून त्याला जांभे टांगा. मे उजाडायच्या आत, पाऊस आल्यावर नव्हे.

पेंढ्यात प्रथिनं फार तर चार टक्के. युरियाची प्रक्रिया केली तर ती जवळजवळ दुप्पट होतात आणि पचनही सुधारतं. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया, ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. पेंढ्याचा थर, वर झारीने पाणी, तुडवा, पुन्हा थर. प्लास्टिकने हवाबंद झाकून २१ दिवस. उघडल्यावर डोळ्यांत पाणी आणणारा वास येतो. काढलेला पेंढा तासभर पसरून मग घाला, पहिले चार-पाच दिवस साध्या पेंढ्यात मिसळून. सहा महिन्यांखालच्या वासरांना अजिबात नको. युरियाचं पाणी उघडं ठेवू नका. तहानलेली गाय बादलीभर पिऊन तासाभरात मरते. आणि हे विसरू नका की युरियाही बाहेरच्या वायूवर चालतो. भाताला लागतो त्याहून एक गोणी जास्त घरात हवी, कोरड्या जागी.

गडग्यावरची झाडं

एकच झाड लावायचं असेल तर गिरिपुष्प लावा. जूनच्या पहिल्या पावसात मनगटाएवढ्या जाडीच्या, हात-दोन हात लांब फांद्या गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने दोन-दोन फुटांवर रोवा. बहुतेक जगतात. वर्षभर तोडू नका, मग दर दोन-तीन महिन्यांनी टाळ (पाल्याच्या फांद्या) मिळतो. पाल्यात प्रथिनं वीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ही झाडावरची पेंडच. ताजा पाला गुरं वासामुळे तोंडात घेत नाहीत. आदल्या संध्याकाळी तोडून रात्रभर सुकत ठेवा, सकाळी पेंढ्यात मिसळा. आठवडाभर नाक मुरडतील, मग शोधत येतील. एकूण चाऱ्याच्या पावभागाहून जास्त नको.

शेवरी आणि हादगा त्याहून लवकर येतात. सुबाभळीचा पाला चांगला. फक्त चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर गेला की जनावरांचे केस गळतात. फणसाची पानं शेळ्यांची आवडती. फणस खाऊन झाला की चारखंडं (गरे काढून उरलेली सालं) टाकायची नाहीत हे कोकणात कोणाला सांगायला नको, पण एका वेळी टोपलीभर घातली की पोट फुगतं. काजूची बोंडं मार्चपासून बागेत सडत पडतात. चिरून, कडक उन्हात तीन दिवस वाळवली की कोंड्यात मिसळता येतात, थोड्या प्रमाणात. ही मेहनत मी एकदा केली. दहा किलो ओल्या बोंडांचे जेमतेम सव्वा-दीड किलो सुके तुकडे मिळाले. ज्याच्या घरी मुलं सुट्टीत मोकळी आहेत त्याने करावी.

खाडीकाठच्या मंडळींना मोह होतो तो तिवरांच्या पाल्याचा. तिवर तोडायला बंदी आहे, आणि ती तोडली की खारं पाणी आपल्याच खाचरात येतं. चारा कमी पडला की गुरं घाणेरीही खातात. तिने कावीळ होते, कातडी उन्हात सोलवटते. गोठ्याजवळची घाणेरी उपटून टाका.

जाता जाता ॲझोला या पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतीबद्दल. त्याच्या चित्रफितींनी लोक वेडे झालेत. ॲझोला चांगला आहे, पण त्यात ९३-९४ टक्के पाणी असतं. दीड किलो ॲझोला म्हणजे शंभर ग्रॅम सुकं अन्न. कोंबड्यांना ठीक. गाईची पेंड त्याने सुटणार नाही.

घरची पेंड

कोकणात पेंडीसाठी चार गोष्टी मिळतात: भाताचा कोंडा, कणी, खोबऱ्याची पेंड, कुळीथ. माझं मिश्रण १०० किलोसाठी असं: बारीक कोंडा ३५, कणी किंवा भरडलेली नाचणी २५, खोबऱ्याची पेंड २५, कुळीथ भरडा १२, खनिज मिश्रण २, मीठ १. प्रथिनं चौदा टक्क्यांच्या आसपास बसतात. गोळी पेंडीइतकं नाही, पण पाच लिटरांची गाय यावर चालते.

कोंडा घेताना बघून घ्या. लहान हलर गिरणीचा जाडा कोंडा म्हणजे निम्मं तूस. हातात चोळला की खरखरीत लागतो. पॉलिशचा बारीक कोंडा वेगळा, तोच हवा. तो तेलकट असतो, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत खवट होतो. साठवायचा तो कणी आणि कुळीथ. कोंडा महिन्याला ताजा.

कणी जपून. उपाशी गाईला एकदम दोन-तीन किलो कणी घातली तर पोट आंबून ती दोन दिवसांत जाऊ शकते. २०० ग्रॅमपासून सुरू करा, आठ-दहा दिवसांत किलोपर्यंत या, तिथेच थांबा.

मिठाची काळजी कोकणाने करू नये; शिरोड्यापासून उरणपर्यंत मिठागरं आहेत. चुन्यासाठी शिंपले आहेत, स्फुरद कोंड्यात भरपूर असतं. जस्त, तांबं, कोबाल्ट मात्र घरी होत नाही. रोज ५० ग्रॅम धरलं तर सहा महिन्यांना गाईमागे नऊ किलो खनिज मिश्रण. बंद पिशवीत टिकतं. टंचाईसाठी बाहेरचं काही साठवायचंच असेल तर पैसे आधी यावर घालवा.

कोंबड्या, आणि माझी चूक

त्या जुलैनंतर मी घाबरून कोंबडीखाद्याच्या चौदा गोण्या भरल्या आणि पडवीत, जांभ्याच्या भिंतीला टेकून जमिनीवरच रचल्या. ऑगस्टच्या शेवटी खालच्या गोण्या उघडल्या तर आत ढेकळं, हिरवट बुरशी आणि कोमट वास. पैसे गेलेले बघवेनात. दोन दिवस ऊन पडलं होतं, त्यात वाळवलं, ढेकळं फोडली आणि घातलं. पंधरा दिवसांत चाळीसपैकी अकरा कोंबड्या गेल्या. डॉक्टरांनी एक फाडून दाखवली. यकृत पिवळं, हाताला ठिसूळ. बुरशीचं विष उन्हाने जात नाही, उकळून जात नाही. बुरशी लागलेलं खाद्य कोणालाही घालायचं नाही, गाईलाही नाही, कारण ते दुधात उतरतं.

तेव्हापासून खाद्य लाकडी माचावर, भिंतीपासून सुटं, आणि पावसाळ्यात एका महिन्याहून जास्त नाही. धान्य साठवायचं ते मेच्या उन्हात, दाताखाली कडक् वाजेपर्यंत सुकवून, झाकणाच्या पिंपात.

आता माझ्याकडे पंचवीस कोंबड्या आहेत, गावठी आणि थोड्या वनराज जातीच्या, दिवसभर मोकळ्या. हिरवं आणि किडे त्यांच्या त्या मिळवतात, त्यामुळे जीवनसत्त्वांच्या पुडीवाचून चालतं. संध्याकाळी ५० ग्रॅमच्या आसपास घरचं मिश्रण: कणी ४५ भाग, कोंडा २०, खोबऱ्याची पेंड १०, उकडून वाळवलेले कुळीथ १०, सुकी बारीक मासळी ८, शिंपल्याचा चुरा ७. मासळी बिनमिठाची बघा, नाहीतर धुऊन वाळवा. दहा भागांवर गेली की अंड्याला वास येतो. ती मेमध्येच घ्या, १ जूनपासून यांत्रिक होड्या बंद असतात. शिंपले मात्र फुकट आहेत. तिसऱ्या (खाडीतले शिंपले) खाल्ल्या की कवचं चुलीत तापवून पाट्यावर ज्वारीच्या दाण्याएवढी कुटा. पीठ करू नका, दाणेच हवेत.

लस, जंत, रेतन

घटसर्प आणि फऱ्याची लस मेमध्ये, पावसाआधी. शेळ्यांना आंत्रविषाराची त्याच वेळी. पीपीआरची (शेळ्यांच्या प्लेगची) लस एकदा दिली की साधारण तीन वर्षं पुरते, म्हणून ती आधी उरकून टाका. लाळ्या-खुरकुताची वर्षातून दोनदा. लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. वीज गेली, गाडी अडली की आधी ती खराब होते. वाडीतली सगळी जनावरं एकाच दिवशी जमवलीत तर डॉक्टरही येतात. भातखाचरात चरणाऱ्या गुरांना यकृतातल्या चपट्या कृमींचं औषध पावसानंतर विसरू नका. जंत असलेल्या गाईला पेंड घालणं म्हणजे दुसऱ्याचं पोट भरणं.

कृत्रिम रेतनाच्या कांड्या द्रवरूप नत्रात ठेवतात, आणि तो नत्रही गाडीनेच येतो. म्हणून चार-पाच वाड्यांत मिळून एक चांगला कपिला वळू सांभाळा. गाय नोव्हेंबरात भरली तर ऑगस्टमध्ये विते, म्हणजे दुधाचे पहिले महिने हिरव्या गवतावर निघतात आणि पेंड निम्मी लागते. शेळीला मेच्या मध्यावर बोकड दाखवला तर करडं ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर.

खरंच बंद झाल्यावर

पहिल्या दिवशी पेंड निम्मी करू नका. आठ दिवसांत उतरवा आणि तेवढ्याच वेगाने घरचं मिश्रण चढवा. आहे ती चांगली पेंड नुकत्या व्यालेल्या गाईला आणि वासरांना. सात महिन्यांची गाभण, दोन लिटरांवर आलेली गाय सरळ आटवा. पंधरा दिवसांत मार्ग उघडला नाही तर कोंबड्यांतल्या जुन्या काढा. महिना उलटला तर बोकड. वही रोज लिहा, दिवसांचा आकडा गोठ्याच्या दारावर खडूने.

दुधाचं उलटं होतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. कोकणातलं पिशवीचं दूध बहुतेक घाटावरून येतं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कोल्हापूर-सांगलीकडे दूध संकलनच थांबलं, तेव्हा इथे लोक तांब्या घेऊन दारात उभे होते. त्या दिवसांत भाव दुप्पट करू नका. नेहमीच्या गिऱ्हाइकांना आधी, लहान मूल असलेल्या घराला त्याहून आधी. उरलंच तर म्हशीच्या लिटरभर दुधाचा दोनशे ग्रॅम खवा होतो. गॅस नसेल तर शेणाचा वायू हवा, आणि चार गुरं असतील तर दोन घनमीटरचा संयंत्र रोजच्या शेणावर चालतो.

पैशापेक्षा वस्तूंची देवघेव तेव्हा जास्त चालते. २०२१ मध्ये मी गिरणीवाल्याला रोज अर्धा लिटर दूध द्यायचो आणि तो मला बारीक कोंडा ठेवायचा, दुसऱ्या कोणाला न विकता. घाट उघडला तरी तो व्यवहार चालूच राहिला. सध्या पाऊण लिटर जातं, त्याच्याकडे नातू आलाय.